तीन नंबरच्या पंपातला आवाज

४ जानेवारी

अक्का,

पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस म्हणून झाडलंस, ते वाचलं. अगं, चौतीस वर्षं पंपांच्या शेजारी काढल्यावर कानात आता उरलंय काय? तू फोनवर बोलतेस आणि मी नुसतं हो हो करतो. मागच्या वेळी हो हो म्हणत मी काय काय कबूल केलं, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा पत्रच बरं. तुझं अक्षरही बरं आहे.

इथे जीव थाऱ्यावर नाही. मार्चअखेर माझी नोकरी संपते आणि आत्ताच तीन नंबरच्या पंपाने आवाज धरलाय. चार पंपांमधला हा सगळ्यात नवा. डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवायचं काम याचंच. एकसारखी घरघर आहे, क्षणभरही थांबत नाही, आणि तिच्यात ठेका धरून जोर येतो. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला एकशे दहा. पंपाच्या फेऱ्या चौदाशे पन्नास! कशाचा कशाशी मेळ नाही. बाकीच्यांना काही ऐकू येत नाही. त्यांना कान आहेत, पण लक्ष नाही.

मी कसा ऐकतो विचारशील. पोटाने. हसू नकोस. जुने फिटर स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक पंपाला नि दुसरं कानाला लावून ऐकायचे. माझे कान गेले तसा मी केसिंगला, म्हणजे पंपाच्या कवचाला, पोट टेकवून, डोळे मिटून उभा राहायला लागलो. बेअरिंग कुरकुरलं तरी पोटात कळतं.

लॉगबुकात मात्र अजून काही लिहिलेलं नाही. जागा सापडल्याशिवाय आवाजाची नोंद करायची नाही, हा इथला नियम. नवा असताना मी एकदा नुसतंच ‘आवाज येतो आहे’ असं लिहिलं होतं, तर सहा महिने सगळे मला ‘आवाज’ म्हणूनच हाक मारत होते. जाता जाता पुन्हा ती शोभा नको.

भावजींना नमस्कार. संध्याकाळी पाय जरा सुजतात. उभं राहून राहून होत असेल.

धाकटा


११ जानेवारी

धाकट्या,

दोन पानं पंपाची तब्येत आणि शेवटच्या ओळीत स्वतःची. शहाणाच आहेस. पाय एक सुजतो की दोन्ही? बोटाने दाबलं तर खड्डा राहतो का? दम लागतो का? डॉक्टरकडे जा आणि ते काय म्हणाले ते मला लिहून पाठव. ‘ठीक आहे’ चालणार नाही.

ह्यांचं तेच. उजवा हात तसाच आहे, बोलायला गेले की एकेक शब्द ओढून काढावा लागतो, आणि मग चिडतात. झटका येऊन दोन वर्षं होतील आता. मी छापखान्याची प्रुफं घरीच तपासते, त्यामुळे नजर त्यांच्यावर ठेवता येते. घराबाहेर म्हणशील तर कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जाणं होत नाही. नाहीतर एव्हाना तुझ्या दारात उभी राहिले असते आणि कान धरून नेलं असतं. तुझ्या कानांचा आता तेवढाच उपयोग आहे.

अक्का


१९ जानेवारी

अक्का,

दोन्ही पाय. खड्डा राहतो. दम लागतो. झालं समाधान?

डॉक्टरकडे गेलो. नाडी एकशे दहा निघाली. छातीचा फोटो झाला, इको झाला. हृदय मोठं झालंय म्हणाले, फेल्युअरची सुरुवात आहे. इको करणारा मात्र पडद्याकडे बघून डोकं खाजवत होता. म्हणाला, हार्ट मोठं झालंय पण दणकून चाललंय, असं सहसा नसतं. मग डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं आणि काम कमी करा म्हणून सांगितलं. मी विचारलं, कुठलं काम? ते हसले नाहीत.

मला नवल नाही वाटलं. बाबाही हार्टनेच गेले, तेही याच वयात. घराण्यात आहे म्हटल्यावर कुणावर रुसायचं? डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

शनिवारी तीन नंबर उघडला. बेअरिंग स्वच्छ, पंखा स्वच्छ, शाफ्ट केसभरही वाकडा नाही. पुन्हा बांधला, चालू केला, पोट टेकवलं. घरघर आहेच! दोन माणसांनी दिवसभर घाम गाळला आणि मी त्यांना कारण सांगू शकलो नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही बघ. जेवताना तेच, अंघोळीला तेच.

धाकटा


२५ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. राग येईल, पण आज स्पष्टच लिहिते. त्या पंपाला काही झालेलं नाही. तुला तो सोडायचा नाही, एवढंच आहे. तुझी बायको गेल्यापासून तू घरी फक्त झोपायला जातोस. एकतीस मार्चनंतर सकाळी उठून कुठे जायचं, ही धास्ती तुझ्या पोटात बसली आहे आणि तिला तू पंपाचा आवाज म्हणतोस. चौघांना ऐकू येत नाही ते एकट्या बहिऱ्याला ऐकू येतं, हे तूच दुसऱ्या कुणाच्या पत्रात वाचलं असतंस तर काय म्हणाला असतास?

गोळ्या वेळेवर घे. मीठ खरंच बंद कर, लपवून खाऊ नकोस. रजा शिल्लक असेल तर घे आणि घरी पाय वर करून पड.

बाबांबद्दल लिहिलंस. ते जाऊ दे. जुन्या गोष्टी डॉक्टरांना सांगत बसायची गरज नाही.

अक्का


२ फेब्रुवारी

अक्का,

तुझा तर्क चांगला आहे. पण चुकला.

रविवारी वीज दुरुस्तीसाठी चारही पंप चार तास बंद होते. अख्ख्या पंपहाउसात माझ्या बुटांखेरीज आवाज नव्हता. सवयीने तीन नंबरला जाऊन टेकलो. आणि घरघर चालू! पंप बंद, मोटर थंड, गेजचा काटा शून्यावर. मी दोन पावलं मागे झालो. तरी चालू. मग बेंबीच्या वर तळवा ठेवला. हाताला स्पष्ट लागली.

म्हणजे तीन नंबर बिचारा निर्दोष आहे. त्याला मी उगाच उघडला. सगळ्यांसमोर तसं बोलून दाखवलं, कारण मात्र सांगितलं नाही. काय सांगणार? पंपाऐवजी मीच वाजतोय म्हणून?

गोळ्यांनी लघवी वाढायच्या ऐवजी कमीच झाली आहे. सूज मांड्यांपर्यंत आली, बुटांच्या नाड्या सोडून चालतो. पंपहाउसच्या अठरा पायऱ्यांवर दोनदा बसावं लागतं. पाठीत एक कळ असते, तिची सवय झाली. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. घरघरीचं त्यांना बोललो नाही. ते विचारणार, कुठून येतो आवाज? मला माहीत नाही. आतड्यातला वारा असेल, नाहीतर इतक्या वर्षांची कंपनं अंगात मुरली असतील. आधी नीट जागा सापडू दे, मग नोंदवू.

पायऱ्यांवर बसलो की वाटतं, आपण मार्चपर्यंत काही पोचत नाही. हे भावजींना वाचून दाखवू नकोस.

धाकटा


६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे कुरिअरने पाठवते आहे. हातातलं काम टाक आणि बसून वाच.

प्रुफं तपासायची सवय, दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज तुझी पत्रं टेबलावर मांडली. चार जानेवारीचं: आवाज मिनिटाला एकशे दहा. एकोणीस जानेवारीचं: नाडी एकशे दहा. दोन्ही आकडे तुझ्याच हातचे. आणि मी तुला मनाचे खेळ म्हणून झिडकारलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आता जे लिहिते ते पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा.

बाबा हार्टने गेले नाहीत.

तू चौदा वर्षांचा होतास. त्या वर्षी त्यांची पाठ दुखायची म्हणून दुपारी मी त्यांना तेल लावायचे. एक दिवस पोटाला लावताना बेंबीच्या वर हाताखाली काहीतरी उडताना लागलं. चांगलं मुठीएवढं. मी घाबरून हात काढला. बाबा म्हणाले, वायू आहे गं, आईला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल. मी नाही सांगितलं. नंतर रोज तेल लावताना ते हाताला लागायचं आणि रोज मी गप्प बसायचे. तीन आठवड्यांनी सकाळी बूट घालायला वाकले आणि पाठ धरून खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, ती फुटली. आधी कुणाच्या हाताला काही लागलं नव्हतं का? मी नाही म्हटलं.

आईला घरी येऊन सांगितलं, हार्ट. तिने सगळ्यांना तेच सांगितलं. तूही तेच धरून चाललास आणि आता डॉक्टरांनाही तेच लिहून दिलंस. माझ्या एका शब्दामुळे ते तुझ्या छातीवर औषध करताहेत. आणि मागच्या पत्रात तरी खरं लिहायला हवं होतं, तर ‘ते जाऊ दे’ म्हणून मोकळी झाले. मला स्वतःची लाज वाटते रे.

सोबत एक सुटा कागद आहे. तुला ऐकू येत नाही आणि तू बोलणार नाहीस, म्हणून तो न बोलता डॉक्टरांच्या हातात दे. आजच. आवाजाची जागा शोधणं हे तुझं काम नाही.

अक्का

(सुटा कागद)

डॉक्टरसाहेब,

हा माझा धाकटा भाऊ. याच्या पोटात बेंबीच्या वर नाडीच्या ठेक्यावर सतत घरघर आहे, ती हाताला लागते. पाठ दुखते, लघवी कमी झाली आहे, आणि गोळ्यांनी सूज वाढतेच आहे. याने तुम्हाला वडील हार्टने गेले असं सांगितलं, ते चूक आहे. ते पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटून गेले. चूक माझी आहे, त्याची नाही. कृपा करून त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून बघा.


१० फेब्रुवारी

धाकट्या,

कुरिअरवाल्याकडे चौकशी केली. पाकीट आठ तारखेला दुपारी पोचलं, सही तुझी आहे. मग उत्तर का नाही?

काल पंपहाउसला फोन केला. पलीकडचा गृहस्थ पंपांच्या गोंगाटात ओरडून म्हणाला, आहेत की, इथेच आहेत, थांबा विचारतो. मग परत येऊन म्हणाला, सांगतात की मी मजेत आहे. मी ओरडले, त्याला दवाखान्यात न्या! तो म्हणाला, बरं बरं, सांगतो, आणि फोन ठेवला.

मजेत! खोटं बोलायचं तर मला तरी जमेल असं बोल.

अक्का


१३ फेब्रुवारी

पंपहाउसमध्ये कळलं की तू कालपासून आला नाहीस. घराला कुलूप आहे म्हणतात. कुणाला काही माहीत नाही. प्रुफांत एकच ओळ चारदा वाचते आणि तरी चूक दिसत नाही. ह्यांना सांभाळायला कुणी मिळतं का ते बघते आहे. जिथे असशील तिथून दोन शब्द लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

अक्का


२४ फेब्रुवारी

अक्का,

जिवंत आहे. मोठ्या हॉस्पिटलातून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं आहे ते समजून घे. तेरा तारखेचं पत्र आमच्या माणसाने काल इथे आणून दिलं. इथून तुला फोन लावून देतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं. तुझं सांत्वन नर्सकडून व्हायला नको होतं.

आधी खरं सांगतो. तुझं पाकीट आठ तारखेलाच मिळालं. वाचलं आणि तुझ्यावर इतका संताप झाला की चार दिवस तो सुटा कागद खिशात नुसता बाळगला. पंचेचाळीस वर्षं तू मला चुकीचे बाबा सांगितलेस असं वाटत होतं. तुझा फोन आला तेव्हा ‘मजेत आहे’ हे मुद्दामच म्हणालो. तुला लागावं म्हणून.

बारा तारखेला पंपहाउसात पोचायच्या आधीच पायऱ्यांवर तिसऱ्यांदा बसलो, आणि या वेळी उठता येईना. लघवी लाल झाली होती. तेव्हा तिथूनच रिक्षाने परस्पर डॉक्टरांकडे गेलो आणि काही न बोलता कागद पुढे केला. डॉक्टरांनी वाचला, पोटाला स्टेथोस्कोप लावला, आणि त्यांचा चेहराच बदलला. खुर्ची सोडून उठले आणि स्वतः फोन लावायला धावले. तासाभरात अँब्युलन्समध्ये होतो.

झालं होतं असं. पोटातली मुख्य धमनी फुगली होती, बाबांसारखीच. पण बाहेर फुटण्याऐवजी ती शेजारच्या मोठ्या शिरेत उघडली. हृदय रक्त ढकलणार खाली, आणि ते पुढे जायच्या आत त्या भोकातून निम्मंअधिक परत हृदयाकडे. जितकं जास्त परत येईल तितकं हृदय जास्त पळणार. त्यानेच ते थकत होतं. मूत्रपिंडांपर्यंत धड काही पोचतच नव्हतं, मग गोळ्या काय करणार? आमच्याकडे बायपासचा व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला की हेच होतं. पंप जीव तोडून पळतो आणि टाकीत पाणी चढत नाही. चौतीस वर्षं हे मी दुसऱ्यांना शिकवलं, अक्का. आणि स्वतःच्या बाबतीत निर्दोष पंप उघडून बसलो.

सर्जन म्हणाले, अशी केस आम्हीही क्वचितच बघतो. चार-पाच दिवस उशीर झाला असता तर एकतर हृदय बंद पडलं असतं, नाहीतर सगळंच फुटलं असतं. तेराला सकाळी पोट उघडून भोक शिवलं आणि कृत्रिम नळी बसवली. आठवड्यात अंगातलं पाणी उतरून वजन अकरा किलो कमी झालं. इको करणारे म्हणतात, हृदय पुन्हा आकाराला येतंय. घरघर गेली. पहिले दोन दिवस ती शांतता मला सहन होईना.

तुझ्यावरचा राग गेला. पडल्या पडल्या विचार करत होतो. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि बाबांनीच तुला गप्प केलं होतं. मी एकोणसाठ वर्षांचा, धडधडीत हाताला लागत असून गप्प बसलो. तुला बोल लावायला मला तोंड कुठे आहे?

आता तुझ्यासाठी काम. भूल उतरल्यावर सर्जननी पाटीवर लिहून पहिला प्रश्न विचारला: सख्खी भावंडं किती? मी एक बोट दाखवलं. त्यांनी खाली लिहिलं, त्यांची पोटाची सोनोग्राफी करा. हे रक्तात येतं. दहा मिनिटांचं काम आहे. लगेच जा आणि काय निघालं ते लिही. ‘ठीक आहे’ चालणार नाही, हे तुझंच वाक्य.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांच्यासमोर हुंदके देऊन रडले. त्यांना वाटलं तू गेलास. मग मी हसले, तर ते आणखीच घाबरले. किती वेळ ते मला नुसते थोपटत बसले होते.

टाके निघाले का? पायऱ्या चढू नकोस. इथे छापखान्याने एक जाडजूड पुस्तक माझ्या गळ्यात घातलं आहे, सहाशे पानांचं, आणि लेखकाला स्वल्पविराम कशाशी खातात ते माहीत नाही. हवा बरी आहे. शेजारच्यांनी दाराला रंग दिला.

बघ, मी कशी टाळाटाळ करते आहे.

गेले होते. पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि दुकानात जाऊन येते म्हणून सांगितलं. तिथली मुलगी आधी खूप बोलत होती. बेंबीच्या वर आल्यावर बोलायची थांबली. एकाच जागी यंत्र फिरवत राहिली आणि मग मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. पाच पूर्णांक दोन सेंटिमीटर निघाली. या आकाराला बायकांमध्ये थांबत नाहीत म्हणाले. मला दुखत नाही, दम लागत नाही, काही म्हणजे काही नाही. तू तिकडे बोंबलला नसतास तर मी सहाशे पानं तपासता तपासताच गेले असते.

आठ दिवस कुणाला बोलले नाही. ह्यांना कशाला त्रास, तुझे टाके ओले आहेत, ऑपरेशन करून यावं आणि मग सांगावं, असं सगळं मनात ठरवून टाकलं होतं. काल ह्यांनी कपाटात काहीतरी शोधताना रिपोर्ट काढला. डाव्या हाताने धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. धाकट्या, दोन वर्षांत या माणसाच्या तोंडून तीन शब्द सलग आले नव्हते. काल लालबुंद होऊन ते म्हणाले, “तू मला का सांगितलं नाहीस?” एकही शब्द अडखळला नाही. मग त्यांनी कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं आणि तुझ्या पत्राकडे बोट दाखवलं.

ऑपरेशन एकोणतीस तारखेला आहे. ठरवून केलं तर धोका कमी, असं सगळे सांगतात, आणि मी सगळ्यांना हो हो म्हणते. तुझ्या डॉक्टरांना विचार, प्रवासाला सोडतात का. आजवर तुला कधी ये म्हटलं नाही, नेहमी सल्लेच दिले. आज सल्ला काही नाही. मला फार भीती वाटते रे. ये.

अक्का